एका घन सेंटिमीटरमधलं तीनशे मीटर वेल्ड : ७०७५ ॲल्युमिनियमच्या भेगेचं प्रकरण

काही वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून आमच्या लॅबला एक फिक्स्चर प्लेट आली. मटेरियल ७०७५, म्हणजे विमानात वापरतात तो मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातू, एक कोपरा उडालेला. नवीन प्लेट मागवून मशिनिंग करून घेण्यात बरेच दिवस जाणार होते, म्हणून मालकांनी विचारलं होतं, तेवढा कोपरा भरून मिळेल का? आमच्याकडे टिगवर, म्हणजे आर्कनं धातू वितळवून जोडायच्या वेल्डिंगवर, बसणाऱ्या मामांनी प्लेटवरचा शिक्का वाचला आणि तिथंच सांगितलं, "साहेब, हे सात हजारवालं आहे. मी भरतो, पण धरणार नाही."

तरी भरलं. ५३५६ ची भरणीची तार घेतली, वायर ब्रशनं आणि ॲसिटोननं जागा स्वच्छ केली, थोडं प्रीहीट दिलं. बीड, म्हणजे वेल्डची भरलेली रेघ, देखणी आली, एकसारख्या लहरींची. आर्क बंद झाल्यावर मिनिटभरात बारीकसा 'टिक' असा आवाज आला. मामा काही बोलले नाहीत, डीपीचे, म्हणजे भेग शोधायच्या रंगीत द्रवाचे, डबे घेऊन आले. लाल द्रव मारला, दहा मिनिटं थांबलो, फडक्यानं पुसलं, वर पांढऱ्या डेव्हलपरचा थर दिला. आधी काहीच दिसेना. मग बीडच्या मधोमध एक लाल रेघ हळूहळू उमटत गेली. शेवटच्या क्रेटरपाशी, म्हणजे आर्क थांबला त्या खळग्यापाशी, तिला तीन फाटे फुटले होते. बीडच्या कडेला, जिथं मूळ प्लेट वितळली नव्हती, नुसती तापली होती, तिथंही केसासारख्या दोन रेघा होत्या.

प्लेट परत गेली. ती लाल रेघ मात्र डोक्यात राहिली, आणि म्हणूनच सप्टेंबर २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला एक शोधनिबंध मी त्या आठवड्यात तीनदा वाचला. कॅलिफोर्नियात मालिबू इथल्या एचआरएल लॅबोरेटरीजमधले जॉन मार्टिन आणि त्यांचे सहकारी, आणि त्यांच्यासोबत सांता बार्बराच्या विद्यापीठातल्या ट्रेसा पोलॉक, यांनी हाच मिश्रधातू पावडरीतून लेसरनं थर रचत छापला होता, आणि तोही भेग न पडता. वेल्डिंगच्या माणसाला हे वाचताना खरं वाटेना. योगायोग असा की १९६० साली थिओडोर मायमन यांनी जगातला पहिला लेसर चालवून दाखवला, तो याच प्रयोगशाळेत. तेव्हा तिचं नाव ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीज होतं.

हा धातू एवढा हट्टी का

७०७५ चं मूळ जपानमध्ये आहे. १९३० च्या दशकाच्या मध्यावर सुमितोमोच्या धातुशास्त्रज्ञांनी जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं घातलेला अतिशय मजबूत ॲल्युमिनियम तयार केला, आणि तो झीरो लढाऊ विमानाच्या पंखात गेला. १९४३ मध्ये अमेरिकेत अल्कोआ कंपनीनं त्याच जातीचा मिश्रधातू आणला, तोच पुढे ७०७५ झाला. यात जस्त साधारण साडेपाच टक्के, मॅग्नेशियम अडीच टक्के, तांबं दीड टक्का. टी-६ अवस्थेत, म्हणजे उष्णोपचार करून कडक केल्यावर, त्याची ताणशक्ती ५७० मेगापास्कलच्या आसपास जाते. साध्या बांधकामाच्या स्टीलपेक्षा जास्त, आणि वजन जेमतेम एक तृतीयांश. विमानाच्या अंगावर रिव्हेटांच्या रांगाच्या रांगा दिसतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे की हे धातू वितळवून जोडायला कोणी धजावत नव्हतं.

धजावत नव्हतं, कारण ७०७५ एका तापमानाला गोठत नाही. ६३५ अंश सेल्सिअसला त्यात पहिले स्फटिक धरायला लागतात, आणि शेवटचा थेंब गोठायला ४७७ अंशांपर्यंत खाली यावं लागतं. मध्ये १५८ अंशांचं अंतर आहे. एवढ्या वेळात ॲल्युमिनियमचे दाणे वाढून एकमेकांना टेकलेले असतात, पण त्यांच्या सांध्यात जस्त-मॅग्नेशियम-तांब्यानं समृद्ध अशा द्रवाचा पातळ पापुद्रा शिल्लक असतो. धातू आकसत असतो. ॲल्युमिनियम अंशामागे दशलक्षात चोवीस भाग आकसतं, म्हणजे १५८ अंशांत शंभर मिलिमीटरला ०.३८ मिलिमीटर. त्यात द्रवाचा घन होताना आकारमान सहा टक्क्यांच्या आसपास घटतं ते वेगळंच. हे सगळं खेचणं त्या पापुद्र्यावर येतं. पापुद्रा ओला असतो, त्याला ताकद शून्य. वरून ताजा द्रव झिरपत आला तर फट भरून निघते. वाट बंद झालेली असेल तर दोन दाणे अलग होतात आणि भेग पडते.

वेल्डर याला हॉट क्रॅक म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिची ओळख एकदा पटली की विसरत नाही. थंड धातू तुटला की तुटीचा पृष्ठभाग फाटलेला, ओढलेला दिसतो. हॉट क्रॅकच्या आतली बाजू मात्र गुळगुळीत, गोल गोल उंचवट्यांची, चिंचोक्यांची रास असावी तशी दिसते. ते उंचवटे म्हणजे डेंड्राइटांची, फाटे फुटत वाढणाऱ्या स्फटिकांची, टोकं असतात. ती कधी एकमेकांना जुळलीच नव्हती, म्हणून त्यांच्यावर तुटल्याची खूण नसते.

जुन्या टेस्ट काय विचारत होत्या

वेल्डिंगवाल्यांनी या भेगेशी सत्तर वर्षं झुंज दिली आहे, आणि तिचं माप घेण्याच्या ज्या पद्धती त्यांनी बसवल्या त्या मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतात.

१९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये हूल्डक्रॉफ्ट यांनी माशाच्या काट्यासारखा दिसणारा एक नमुना सुचवला. तळहातावर मावेल एवढी पत्र्याची पट्टी घ्यायची, तिच्या दोन्ही कडांना खाचा पाडायच्या. पहिली खाच उथळ, पुढची जरा खोल, त्यापुढची आणखी खोल. मग मधोमध, उथळ खाचांच्या टोकाकडून, सरळ टिग चालवायची. सुरुवातीला पट्टी आखडलेली असते, आकसण्याला वाव नसतो, म्हणून भेग सुरू होते आणि आर्कच्या मागोमाग धावत येते. जसजशा खाचा खोल होत जातात तसतशी पट्टी सैल होते, ताण कमी होतो, आणि एका जागी भेग थांबते. ती कुठं थांबली हे नमुन्यावर फूटपट्टी ठेवून मोजायचं. खराब मिश्रधातूत भेग शेवटपर्यंत जाते, चांगल्यात दुसऱ्या-तिसऱ्या खाचेपाशीच संपते. पन्नास रुपयांच्या पत्र्यावर धातूचा स्वभाव आकड्यात मिळतो.

१९६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सलेअर पॉलिटेक्निकमध्ये सॅव्हेज आणि लुंडिन यांनी व्हॅरेस्ट्रेंट टेस्ट आणली. इथं प्लेटवर वेल्ड चालू असतानाच प्लेट एका गोलाईदार ठोकळ्यावर झटक्यात वाकवतात. किती ताण द्यायचा ते ठोकळ्याच्या त्रिज्येवर ठरतं: जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. सहा मिलिमीटरची प्लेट १५० मिलिमीटर त्रिज्येवर वाकवली की पृष्ठभागाला दोन टक्के ताण बसतो. मग वितळलेल्या तळ्याच्या मागच्या कडेला पडलेल्या भेगा मोजायच्या. सर्वांत लांब भेग किती लांब आहे त्यावरून, आणि त्या ठिकाणच्या तापमानाच्या उतारावरून, किती अंशांच्या पट्ट्यात हा धातू ठिसूळ असतो हे काढता येतं.

या दोन्ही टेस्टमध्ये एक गोष्ट सारखी आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणासाठी तीच महत्त्वाची. या टेस्ट 'भेग पडते का' एवढंच विचारून थांबत नाहीत. किती ताणाला पडते, किती लांब जाते, कुठं थांबते, हे विचारतात. पुढे १९९९ मध्ये लोझानमध्ये रापाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि २०१५ मध्ये विस्कॉन्सिनच्या सिंडो कू यांनी यावर गणिती निकष बसवले. कू यांचं म्हणणं थोडक्यात असं: गोठण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, घन भाग शंभर टक्क्यांच्या जवळ असताना, तापमान किती झपाट्यानं उतरतं ते पाहा. तो उतार जितका तीव्र, तितका भेगेचा धोका जास्त. म्हणजे सगळं काही शेवटच्या थेंबापाशी ठरतं. मामांना हे गणित ठाऊक नाही, पण क्रेटर भरताना करंट हळूहळू उतरवायचा हे त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यामागचं कारण हेच आहे.

वेल्डरकडे आणखी एक हत्यार असतं: तार. ६०६१ हे दुसरं एक ॲल्युमिनियम नुसतं वितळवलं, काही न घालता, तर ते फाटतं. त्यात ४०४३ ची तार घातली, म्हणजे पाच टक्के सिलिकॉन, की फाटणं थांबतं. सिलिकॉनमुळे शेवटी उरणारा द्रव भरपूर असतो आणि तो पाण्यासारखा वाहतो, पडू पाहणारी फट आपोआप भरून काढतो. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये हे ज्ञान तारेच्या डब्यावर लिहिल्यासारखं सर्वांना असतं.

लेसरच्या बेडवर तार नसते

आता पावडर बेडवर येऊ. साधारण ३० मायक्रॉन जाडीचा पावडरीचा थर पसरायचा, लेसरनं त्यावर हव्या त्या आकाराच्या रेघा मारायच्या, पावडर वितळून खालच्या थराला चिकटते, प्लॅटफॉर्म खाली उतरतो, पुन्हा पावडर. आमच्याकडे येणारे डिझाइनर याला प्रिंटिंग म्हणतात आणि त्यांच्या मनात कागद असतो. मी त्यांना एक हिशेब करून दाखवतो. एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. ३० मायक्रॉनचे ३३३ थर. प्रत्येक थरात दशांश मिलिमीटर अंतरावर शंभर रेघा. प्रत्येक रेघ एक सेंटिमीटर लांब. झाली ३३३ मीटर रेघ, आणि त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे एक वेल्ड आहे: तळं, उतार, गोठणं, आकसणं, सगळं जसंच्या तसं. साखरेच्या मोठ्या खड्याएवढ्या तुकड्यात तीनशे मीटर वेल्ड. त्यात कुठंही भेग नको.

आणि परिस्थिती टिगपेक्षा प्रतिकूल. तळं इतकं छोटं, आणि आजूबाजूचा धातू इतका थंड, की सेकंदाला लाखो अंशांच्या दरानं ते निवतं. खालचा थर आधीच गोठलेला असतो. नवा द्रव त्याच्याच दाण्यांवर पुढे वाढतो, वेगळे दाणे धरायची गरजच पडत नाही. त्यामुळे एकच दाणा थरामागून थर पार करत उभा वाढत जातो, उसाच्या कांड्यासारखा. दोन उभ्या दाण्यांमध्ये शेवटच्या द्रवाची उभी, लांब, अरुंद गल्ली उरते. तिच्यात वरून द्रव उतरायला वाट नसते. ७०७५ नुसतं छापलं तर ठोकळ्याच्या छेदात काळ्या उभ्या रेघांचं जाळं दिसतं, खालपासून वरपर्यंत, त्याच गल्ल्यांमधून गेलेलं.

मग मशीनच्या नॉबांनी हे का सुटत नाही? कारण प्रत्येक नॉब दुसरीकडे अडतो. लेसरची पॉवर वाढवा, तर जस्त उकळून उडून जातं. त्याचा उत्कलनबिंदू ९०७ अंश, मॅग्नेशियमचा १०९१, आणि ॲल्युमिनियमचा त्याहून हजाराहून अधिक अंशांनी वर. ज्याच्यामुळे धातू मजबूत होतो तेच धुरात जातं, वर छिद्रं राहतात. बेड गरम ठेवा, तर ७०७५ चं टी-६ एजिंग, म्हणजे मंद आचेवर कडक करणं, १२० अंशांवर होतं. तासन्तास २०० अंशांवर ठेवलं की धातू उतरणीला लागतो. ठोकळा छापून झाल्यावर गरम दाबाच्या भट्टीत, म्हणजे हिपमध्ये घाला, तर आतली बंद छिद्रं मिटतात, पण पृष्ठभागापर्यंत आलेली भेग मिटत नाही, कारण तिच्या आत वायूचाच दाब जाऊन बसतो. मी पाहिलेल्या कित्येक प्रबंधांमध्ये पॉवर आणि स्पीडचे चाळीस-पन्नास जोड तपासलेले असतात आणि शेवटी भेगांची घनता 'कमी झाली' एवढंच हाती लागतं. तेवढी मेहनत शेवटच्या द्रवाचा विचार करण्यात घातली असती तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

त्यामुळेच २०१७ पर्यंत लेसरनं ॲल्युमिनियम छापणं म्हणजे बहुतेक वेळा अलसी-१०-एमजी छापणं होतं. ओतकामाचा हा मिश्रधातू, दहा टक्के सिलिकॉनचा. गोठण्याचा पट्टा अरुंद, द्रव भरपूर, भेगेचा प्रश्नच नाही. छापायला सोपा, पण ७०७५ च्या मजबुतीला पोचत नाही. आणि विमानवाल्यांना ७०७५ च्या जातीचाच धातू हवा होता.

दोन वाटा

पहिली वाट बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या विद्यापीठातून निघाली. तिथल्या गटानं २०१६ मध्ये ७०७५ च्या पावडरीत सिलिकॉन मिसळून पाहिलं आणि चार टक्क्यांपर्यंत गेल्यावर भेगा थांबल्या. वाचल्या वाचल्या मला ४०४३ चा डबा आठवला. ज्याला तार देता येत नाही, त्याच्या पिठातच तार मिसळली. काम सरळ आणि प्रामाणिक आहे. अडचण एवढीच की चार टक्के सिलिकॉन घातल्यावर तो ७०७५ राहत नाही, वेगळाच मिश्रधातू होतो, आणि विमानाच्या कागदपत्रात त्याला पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागतं.

मालिबूच्या गटानं शेवटच्या द्रवाला हात लावला नाही. त्यांनी दाण्यांना हात लावला.

त्यांचा विचार असा होता: उभे दाणे वाढतात कारण द्रवात नवा दाणा धरायला जागा नसते. तशी जागा दिली तर? खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात, आणि स्फटिक त्या दोऱ्यावर धरतात. पाकात दोऱ्याऐवजी लाखो बारीक कण सोडले तर एकही खडा मोठा होणार नाही, सगळीकडे एकदम बारीक रवा धरेल. ओतकामात हे जुनंच आहे. टायटॅनियम-बोरॉनच्या कांड्या टाकून दाणे बारीक करणं कोणत्याही ॲल्युमिनियम फाउंड्रीला ठाऊक आहे. लेसरच्या तळ्यात मात्र असा कण हवा की ज्याची जाळी, म्हणजे अणूंची मांडणी, ॲल्युमिनियमच्या जाळीशी चपखल जुळेल, जो त्या गतीतही टिकेल आणि जो पावडरीत समान पसरेल. हजारो शक्यतांमधून योग्य कण निवडायला त्यांनी सिट्रिन इन्फर्मॅटिक्स या कंपनीच्या विदा-शोधाची मदत घेतली आणि झिरकोनियमवर येऊन थांबले.

झिरकोनियम या घराण्याला परकं नाही. ७०५० सारख्या विमानी मिश्रधातूंत ते दशांश टक्क्याच्या आसपास असतंच, लाटताना दाणे फुगू नयेत म्हणून. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ते तीन ॲल्युमिनियमला एक झिरकोनियम अशा संयुगाचे कण बनवतं. सावकाश गोठवलं तर या संयुगाची जाळी लांबोडकी होते. झपाट्यानं गोठवलं तर घनाकृती राहते, आणि ती ॲल्युमिनियमच्या जाळीशी एक टक्क्याहून कमी फरकानं जुळते. म्हणजे ज्या भयंकर वेगानं लेसरचं तळं गोठतं, आणि जो वेग इतकी वर्षं शत्रू मानला जात होता, तोच वेग इथं हवा तो कण तयार करून देतो. या निबंधातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही.

कण पावडरीवर बसवायची रीतही पाहण्यासारखी आहे. पिठात मीठ मिसळावं तसं नुसतं मिसळलं तर इतके बारीक कण गुठळ्या करतात किंवा तळाशी जातात. त्यांनी ते स्थिर विद्युत आकर्षणानं ७०७५ च्या प्रत्येक गोळीवर बाहेरून चिकटवले. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात पावडरीची गोल गोळी दिसते आणि तिच्या अंगावर तिळगुळाच्या हलव्यावर असतात तसे बारीक काटे. आकारमानानं मिश्रण एक टक्का. पावडर सरकते पूर्वीसारखीच, मशीन तेच. झिरकोनियम त्यांनी हायड्राइडच्या रूपात घेतलं, कारण शुद्ध झिरकोनियमची इतकी बारीक पावडर हवेत सहज पेट घेते. इथं आमच्या मामांसारखा कुठलाही वेल्डर दचकेल. ॲल्युमिनियमच्या वेल्डमधून हायड्रोजन बाहेर ठेवण्यासाठी आम्ही तारा ओव्हनमध्ये ठेवतो, आणि हे लोक हायड्राइड घालतात. दचकणं रास्त आहे, आणि छापलेल्या नमुन्यांत थोडी छिद्रं राहिली हेही निबंधात लिहिलेलं आहे.

निकाल छेदाच्या चित्रातच दिसतो. डावीकडे नुसतं ७०७५, उभे दाणे, उभ्या काळ्या भेगा. उजवीकडे झिरकोनियमचं ७०७५, साधारण पाच मायक्रॉनचे गोलसर दाणे, भेग नाही. बारीक गोल दाण्यांमुळे तीन गोष्टी एकदम बदलतात. दाणे एकमेकांत अडकायला उशीर लागतो, तोवर ते वाळूसारखे सरकून ताण जिरवतात. ताण मोजक्या लांब सांध्यांवर न येता हजारो छोट्या सांध्यांत वाटला जातो. आणि द्रवाच्या गल्ल्या आखूड व वेड्यावाकड्या होतात, त्यात कुठूनतरी द्रव पोचतोच.

उष्णोपचारानंतर ताणशक्ती ३८३ ते ४१७ मेगापास्कल आणि लांबण चार-पाच टक्के मिळाली. ताणशक्ती उष्णोपचार केलेल्या अलसी-१०-एमजीपेक्षा चांगली, लाटलेल्या ७०७५ च्या ५७० पेक्षा बरीच कमी. ज्यांनी तेव्हा 'छापलेलं विमानी ॲल्युमिनियम' असा गाजावाजा केला त्यांनी हा दुसरा आकडा वाचकांना सांगायला हवा होता. निबंधात तो लपवलेला नाही. उरलेली छिद्रं आणि उष्णोपचारात सांध्यांवर होणारं आंशिक वितळणं ही कारणंही तिथं दिलेली आहेत.

पुढे २०१९ मध्ये हा मिश्रधातू अमेरिकेतल्या ॲल्युमिनियम असोसिएशनकडे ७ए७७ या नावानं नोंदवला गेला. छपाईसाठी म्हणून नोंद झालेला तो पहिला. नासाचं मार्शल स्पेस फ्लाइट सेंटर त्याचं पहिलं गिऱ्हाईक ठरलं.

परत टिगकडे

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून, शाओचुन ली यांच्या गटाकडून, 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आणखी एक काम आलं. त्यांनी ७०७५ चीच वेल्डिंग कांडी बनवली आणि तिच्यात टायटॅनियम कार्बाइडचे नॅनोकण घातले. साध्या टिगनं ७०७५ च्या दोन पट्ट्या जोडल्या. भेग पडली नाही. जोड ३९२ मेगापास्कलला उतरला आणि उष्णोपचारानंतर ५५१ पर्यंत गेला. मी हे मामांना दाखवलं. त्यांनी छेदाचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कडेला काय झालं?" बीडच्या कडेला, जिथं मूळ प्लेट नुसती तापते, तिथं. आमच्या प्लेटवरच्या त्या दोन केसांसारख्या रेघा त्यांना अजून आठवत होत्या. गटानं त्या भागाचंही काम दाखवलं होतं, वितळलेल्या पट्ट्यातून कण असलेला द्रव कडेच्या सांध्यांत शिरतो असं. मामांचं समाधान झालं.

माझं एका बाबतीत अजून झालेलं नाही. छपाईच्या संशोधनात भेग मोजायची पद्धत अजून ठोकळ्यावर अडलेली आहे. ठोकळा छापतात, कापतात, पॉलिश करतात, दाणे उठून दिसावेत म्हणून केलरचं द्रावण लावतात आणि चित्र देतात: भेग आहे किंवा नाही. एक सेंटिमीटरचा ठोकळा स्वतःला फारसा आखडत नाही. तोच मिश्रधातू जाड फ्लँजमधून पातळ भिंत निघते त्या कोपऱ्यात कसा वागेल, हे तो ठोकळा सांगत नाही. हूल्डक्रॉफ्टच्या पट्टीत सैलपणा पायरीपायरीनं वाढत जात होता, म्हणून तिथून आकडा मिळत होता. छापण्यात हे करणं तर आणखी सोपं आहे. खाचा पाडायची गरज नाही, आकारच तसा छापता येतो: एका जाड पायावर कंगव्याचे दात, पहिला दात दोन्ही टोकांनी बांधलेला, पुढचे क्रमाक्रमानं मोकळे होत जाणारे. कोणत्या दातापासून भेग थांबली ते लिहायचं.

आमच्या लॅबकडे लेसर प्रिंटर नाही. फायबर लेसर वेल्डर आहे. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही नवी पावडर घेऊन येणाऱ्यांना एक साधं काम करून देतो. त्या मिश्रधातूची ओतलेली सहा मिलिमीटरची पट्टी ते आणतात. आम्ही तिच्यावर पावडर न घालता लेसरची एकच रेघ मारतो आणि रेघ चालू असताना पट्टी १५० त्रिज्येच्या ठोकळ्यावर वाकवतो. दोन टक्के. मग मामा पट्टी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरतात, मी वहीत लिहितो: भेगा किती, सर्वांत लांब किती मिलिमीटर.

मागच्या आठवड्यात एका पट्टीवर चौदा निघाल्या. सर्वांत लांब ०.९.